पहिली धाव मोजत नाहीत

पहिली धाव.

"अहो, रांग दिसत नाही का?"

ल्युब्लियाना शहराच्या सकाळच्या धुक्यात भाजक्या चेस्टनटच्या गाडीपुढे सगळे मुकाट उभे... आणि हा विस्कटल्या केसांचा उंच प्राणी सरळ पुढे घुसलेला!

"दिसते की. पण माझं काम तातडीचं आहे. तातडीच्याला आधी सोडतात."

"कोण सोडतं?"

"तुम्ही. आत्ताच सोडलंत." गरम पुडी घेऊन तो हसला — आणि गेला.

नेझाच्या अंगाचा तिळपापड झाला. वर त्या मेल्याच्या गालाला खळी!

दुसरी धाव.

विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत — तोच. तिच्याच खुर्चीत, टरफलं पसरून. मारिबोरहून आलेला नवा संशोधक, गोराज्द.

रुग्णवाहिका आधी कुणाकडे धाडायची हे ठरवणाऱ्या प्रोग्रॅमला एक रांग हवी होती; ज्याची निकड मोठी, तो आधी बाहेर. नेझाने दोन वर्षं खपून त्यासाठी 'जोडी-हीप' नावाची मांडणी रचली होती. गोराज्दचं साधं 'द्विशाखी हीप'. उद्या दोन्हींतलं एक निवडणार होते. आणि वेगाच्या चाचणीत त्याच्या आकड्यांनी तिला पार धूळ चारली होती.

"दहा लाख रुग्ण, आणि वेळ जवळजवळ शून्य? जादूटोणा करता का?"

"साधेपणा, बाईसाहेब. तुम्हालाही जमेल."

"बाईसाहेब कुणाला म्हणतोस रे!"

कीबोर्ड हिसकावून तिने त्याचा प्रोग्रॅम वाचला. वाचता वाचता तिचा आवाज चढला.

"अरे शहाण्या! रांगेतून रुग्ण काढलेस, पुढे त्यांचं काहीच केलं नाहीस. उत्तर कुणी वापरत नाही म्हटल्यावर कंपायलरने ते फालतू समजून कामच गाळून टाकलं! तू मोजलास तो रिकामा वेळ!"

गोराज्दचा चेहरा पडला. निकालांची बेरीज छापणारी एक ओळ घालून त्याने प्रोग्रॅम पुन्हा चालवला. चाचणीतल्या रुग्णांची निकड मध्येच वाढू लागली, तसं तिचं हीप पुढे सरकलं. थोडंसंच... पण पुढे.

"उद्या सगळ्यांसमोर सांगितलं असतंस, तर माझी शोभा झाली असती," तो हळूच म्हणाला. "आजच का सांगितलंस?"

"कारण... कारण मला राग आला होता!"

"एवढंच?"

तिने एक टरफल त्याला फेकून मारलं. आपले कान का तापलेत तेच कळेना, म्हणून ती आणखी चिडली.

तिसरी धाव.

संध्याकाळी तीच गाडी. गोराज्द रांगेच्या अगदी शेपटाला.

"आज तातडी नाही वाटतं?" पुढून नेझा कडाडली.

"आहे ना. म्हणूनच शिस्तीत उभा आहे." तो घुटमळला. "ऐक ना... प्रोग्रॅमचा वेळ घेताना सुरुवातीला यंत्र थंड असतं, म्हणून पहिली धाव मोजत नाहीत. मग सकाळची आपली भेट —"

"मोजलीय मी! शब्दन् शब्द. खळीसकट!"

रांगेतले सगळे वळून बघू लागले. नेझाने ओठ चावला, मग तणतणतच एक पाऊल बाजूला सरकली.

"राग गेलेला नाही. ये पुढे."

तो आला. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो, रांग दिसत नाही का?"

नेझा गर्रकन वळली.

"दिसते की! तातडीचं आहे!"