तोट्यातलं केंद्र

"अहो, इथले मॅनेजर कुठे भेटतील?" राहुरीतल्या आमच्या केंद्राच्या दारात, पशुखाद्याचं पोतं खांद्यावर घेतलेल्या एका माणसाला मी विचारलं.

"पोतं ठिवतो, मंग भेटवतो."

पोतं ठेवून, हात धुऊन तो थेट मॅनेजरच्या खुर्चीत बसला. "बोला मॅडम. मीच अंगद."

माझे कान तापले... आणि हा खुशाल हसत होता!

मी रुचा. पुण्याच्या मुख्य ऑफिसात हिशेब बघते. शेतकऱ्याने मोबाईलवर पशुखाद्य मागवायचं, आम्ही घरपोच द्यायचं, अशी आमची कंपनी. दरवर्षी विक्री दुप्पट आणि तोटाही दुप्पट! जे केंद्र जास्त तोट्यात, तिथे दर महिन्याला माझी फेरी. राहुरी सगळ्यांत पुढे. एकेका पोत्यासाठी गाडी पार मुळा धरणापर्यंत जायची.

मी चिडायचे, तो चहा मागवायचा.

"तुमी रागावल्या ना मॅडम, की लई—"

"लई काय?"

"काय न्हाई. चहा निवतोय."

असल्या अर्धवट वाक्यांवर मी पुढचा अख्खा महिना काढायचे. फेरीच्या आदल्या दिवशी ओढणीला इस्त्री करायचे आणि आईला सांगायचे, ऑडिट आहे.

एकदा तो सहज म्हणाला, "दुधाचे टेम्पो सकाळी दूध आणाया वस्त्यांवर मोकळेच जात्यात." मी चमकले. आमचा माल त्याच टेम्पोंत घालायचं ठरलं. दोघांनी मिळून रस्ते आखले. नकाशावर बोटाला बोट लागलं, आणि दोघांनीही ते हलवलं नाही... खर्च झरझर उतरला. माझी हुशारी बघा, स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला!

मार्च सरला, वर्षाचा ताळेबंद लागला. कंपनीचा तोटा आणखी फुगला होता. नफ्यात केंद्र एकच— राहुरी. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "रुचा, आता तिकडे जायची गरज नाही." मीही टाळ्या वाजवल्या. मला रडू येत होतं.

शेवटची म्हणून गेले.

"नफ्यात आलात. अभिनंदन."

"म्हंजे... आता तुमी येणार न्हाई?"

"नाही."

"मंग केंद्र पुन्हा तोट्यात घालू का?"

"नोकरी जाईल तुमची."

या वेळी तो हसला नाही. मला एसटीवर सोडायला आला आणि खिडकीखाली उभा राहिला. वाऱ्यावर कारखान्याच्या मळीचा वास येत होता. गाडीचं इंजिन सुरू झालं. आता कुणीच बोललं नाही तर सगळं इथेच संपणार, म्हणून मीच तोंड उघडलं.

"अंगद, कामाशिवाय आले तर चालेल? मला... तुमच्यावाचून करमत नाही."

त्याने खिडकीचा गज घट्ट धरला. "या की. पन मॅडम म्हणून नका येऊ."

"मग काय म्हणून येऊ?"

कंडक्टरने घंटी मारली. गाडी हलली, तसा तोही चार पावलं चालला.

"रविवारी या. तवा सांगतो!"

आणि त्या दिवशी होता सोमवार...