सगळ्यांच्या मागून चालणारा

सोनू, तो लाइट घालव, डास यायलेत. हां... आता बसा जवळ. ही ऐकीव गोष्ट न्हाई बरं का. गोविंदराव माझ्यासोबत बत्तीस वर्षं शाळेच्या एकाच ऑफिसात बसले. त्या माणसानं कधी रजेच्या अर्जातसुद्धा खोटं लिहिलं न्हाई.

तारीख सांगतो. तेरा जानेवारी दोन हजार चोवीस, शनिवार. सोमवारी संक्रांत होती. गोविंदराव परभणीत गिरणीवर दळण आणायला गेलते. त्यांच्या मंडळींना, प्रभावतीवहिनींना, जाऊन वर्ष झालेलं. एका माणसाचं दळण ते केवढं? दोन किलो ज्वारी. तिथं त्यांना शेजारची ईश्वरी भेटली. ही पोरगी मास्तरीण. सुट्टी आली की दहा-बाराजण मिळून पाठीवर सॅक टाकायची अन् डोंगर चढायला निघायची.

"काका, आज चला आमच्यासंगं. जिंतूरच्या डोंगरात मुक्काम हाय. खाली हुरडा, वर तंबू."

"मी म्हातारा तुमच्यात येऊन काय करू?"

"अन् घरी तरी काय करायलात?"

ती सहज बोलली, पण यांना ते लागलं. दळण तसंच गिरणीत ठेवून ते घरी आले. पेटीतला स्वेटर काढला. ईश्वरीनं तिच्या भावाची सॅक आणून दिली.

लय मजा आली म्हणायचे. बोरीच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला एका शेतात हुरडा भाजला. शेंगदाण्याची चटणी, गूळ, ताक. म्होरक्या सारंग नावाचा पोरगा होता. त्यानं भेंड्या लावल्या. गोविंदरावांनी एक जुनं गाणं म्हणलं तर पोरांनी शिट्ट्या मारल्या. वर्षभरात पहिल्यांदा मोठ्यानं हसलो, असं मला म्हणाले.

रात्री नऊला चढायला लागले. चंद्राची कोर केव्हाच बुडाली होती. ज्याच्या त्याच्या हातात बॅटरी. सारंग पुढं, त्याच्यामागं पोरं-पोरी. गोविंदरावांचे गुडघे जुने, ते हळूहळू मागं पडत गेले. वर हसण्याचे आवाज येत होते, उजेड हलत होते. म्हणून त्यांना काही वाटलं न्हाई.

अर्ध्या चढावर मागून आवाज आला.

"जरा हळू चला, साहेब. मी बी यायलोय."

आपल्यातलाच कोणी राहिला असेल, म्हणून ते वळले.

"बॅटरी तोंडावर नका मारू."

भल्या माणसासारखी त्यांनी बॅटरी बंद केली. वाटेकडेच्या दगडावर कोणीतरी बसल्यासारखं दिसलं. दम लागलाच होता, हेही टेकले.

"तुम्ही कोणासंगं आलात?"

"आमी सात जण आलतो. माझा पाय मुरगळला. त्यांना म्हणलं, व्हा पुढं, येतोच."

"मग?"

"...येतोच म्हणलं होतं."

मग त्यानं विचारलं, "घरी कोण हाय तुमच्या?"

"आता कोणी न्हाई."

वर्षभरात हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं, पोरांनो. गोविंदराव बोलत सुटले. प्रभावतीवहिनींचं दुखणं, दवाखान्यातली शेवटची रात्र, अजून सकाळी चुकून दोन कप चहा होतो ते... सगळं. तो नुसता 'हूं' म्हणायचा. पण ऐकणाऱ्या माणसाचा हूं.

वरून हाक आली. "काका! ओ काका!"

यांनी ओ दिली.

पुन्हा हाक. पुन्हा ओ. पुन्हा हाक...

"त्यांना ऐकू येणार न्हाई," तो म्हणाला.

"का बरं?"

"मला बी अशाच हाका मारल्या. मी लय ओ दिली. तीन दिवस मारल्या त्यांनी हाका. मग..."

"मग?"

"मग थांबल्या."

रातकिडे गप्प झाले होते. कधी झाले, कळलं न्हाई. गोविंदरावांनी कान दिला. श्वास ऐकू येत होता. एकच. त्यांचा स्वतःचा.

बॅटरीच्या बटणावर अंगठा होता. दाबवेना.

उठावं म्हणलं. पाय उचलेना.

"थांबा की..." अगदी कानाशी. "आता दोघं झालो."

खरं सांगू? त्यांना थांबावं वाटलं. हे सांगताना ते माझ्याकडं बघत नव्हते, खाली मान घालून बसले होते. खाली परभणीत कोण वाट बघतंय, असं मनात आलं म्हणाले. गार वाटत होतं. गार... अन् बरं.

तेवढ्यात उजेड अंगावर आला. ईश्वरी धावत उतरली होती, रडकुंडीला आलेली.

"काका! पाऊण तास झाला हाका मारायलोत! एकटेच काय बसलात?"

दगडावर ते एकटेच होते.

तिनं हाताला धरून उठवलं. दोन पावलं चढले अन् गोविंदराव थांबले. त्यांना भीती वाटत नव्हती असं न्हाई. तरी अंधाराकडं वळून म्हणाले, "चला... येताय न्हवं?"

"कोणाला म्हणायलात?"

ते पुन्हा चढायला लागले. मागच्या अंधारातून काही आलं न्हाई.

सकाळी वर लख्ख ऊन पडलं. चहा झाला, तंबू गुंडाळले. ईश्वरीनं यांची सॅक उचलली अन् म्हणाली, "काका, हे काय बांधलंय?"

वाळल्या गवताची वेणी. करंगळीएवढी जाड, तीन पेडांची, नीट वळलेली. सॅकच्या बंदाला पक्की गाठ मारलेली. एका माणसानं मागून चालावं, एवढीच लांब.

सारंग म्हणाला, चढताना गुंतलं असेल.

गोविंदरावांनी वेणीवरून हळूहळू हात नेला. पार शेवटपर्यंत.

दुसरं टोक चेपलेलं होतं. मुठीत धरल्यासारखं.

अन् अजून कोमट होतं.