भिंतीची चव

घर पाहायला ती ठरल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी पोचली. दार उघडं दिसलं म्हणून आत गेली, तर समोरच्या खोलीत एक माणूस भिंतीला जीभ लावून उभा.

डोळे मिटलेले. एका हातात टॉर्च, दुसरा हात पाठीमागे. गळ्यात नगरपालिकेचं ओळखपत्र लोंबत होतं, त्यामुळे चोर नसावा एवढं तरी कळत होतं.

"अरे देवा... हे काय आता," ती पुटपुटली. परक्या देशात आपली भाषा कुणाला कळत नाही, या भरवशावर माणूस बरंच काही पुटपुटतो.

"दोन मिनिटं थांबा," तो माणूस डोळे न उघडताच तिच्याच भाषेत म्हणाला, "चव जाईल."

मग त्यानं डोळे उघडले, आपण कुठल्या भाषेत बोललो हे त्याच्या ध्यानात आलं, आणि तो कानांपर्यंत लाल झाला. तीही झाली. बाहेर समुद्रावरून बारीक भुरभुर येत होती आणि तिच्या चष्म्यावर खारट थर बसला होता; त्यातून तिला तो जरा धूसरच दिसला. तिनं चष्मा पुसला. पुसल्यावरही बरा दिसला.

तो नगरपालिकेचा घरतपासनीस होता. शिकायला म्हणून इथे आला आणि राहून गेला, त्याला चौदा वर्षं झाली होती. भिंतीत ओल किती आहे ते यंत्र सांगतं, पण कुठून आली ते सांगत नाही, असं त्यानं तिला अडखळत समजावलं. समुद्राची हवा मुरली असेल तर भिंत खारट लागते. जमिनीतून ओल चढत असेल तर कडवट. त्याच्या जुन्या साहेबांनी शिकवलेली ही पद्धत आता ऑफिसात कुणी वापरत नाही. हसतात. म्हणून तो कुणी यायच्या आत हे उरकून घेतो.

"मी लवकर आले," ती म्हणाली. "चूक माझीच."

"नाही, नाही... जीभ माझीच होती."

ती हसली, तशी त्यानं घाईघाईनं वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते त्याला संध्याकाळी वाचता आलं नाही.

आपल्या देशात ती वजनमापं तपासायची. दुकानांतले तराजू, पंपांवरची मापं, सोनाराकडचे काटे. अकरा वर्षं तिनं एकच स्वप्न बाळगलं होतं, की खिडकी उघडली की समुद्र दिसावा. तिच्या गावाकडे समुद्र दिसणारी गच्चीसुद्धा तिच्या आवाक्यात नव्हती. दादा म्हणायचा, तुझ्या पैशांत समुद्राचं चित्र येईल, चौकटीसकट. पण या परक्या किनाऱ्यावर तरुण माणसं शहराकडे निघून गेलेली, घरं लहान आणि जुनी, आणि किमती तिला परवडतील अशा. शेजारच्या गावातल्या वजनकाट्यांच्या कारखान्यानं तिला कामही देऊ केलं होतं. हे घर एका शिंपीणबाईंचं होतं. गुडघ्यांनी जिना झेपेना म्हणून त्या लेकीकडे निघाल्या होत्या. खाली दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर, वर माळ्यासारखी एक खोली आणि तिला समुद्राकडे उघडणारी रुंद खिडकी. त्या खिडकीपाशी उभं राहिल्यावर ती पाच मिनिटं तिथून हललीच नव्हती.

अडचण एकच होती. परदेशी माणसाला जुनं घर विकायचं, तर तपासनिसाचा अहवाल लागे. घरातली एक मुख्य भिंत धोक्याची निघाली, तर दुरुस्तीच्या अटीवर परवानगी मिळे. दोन निघाल्या, तर साफ नकार. गावातल्या भाड्याच्या खोल्या सगळ्या सुट्टीवर येणाऱ्यांसाठी, आठवड्याच्या दरानं. म्हणजे घर मिळालं तर राहायचं, नाही मिळालं तर रजा संपली की परत जायचं.

तपासणी तीन दिवस चालली. खरं तर दीड दिवसाचं काम होतं.

टॉर्च धरायला माणूस नव्हता, म्हणून ती धरू लागली. तो यंत्राच्या दोन सुया भिंतीला टेकवून आकडा सांगे, आणि ती तो मोठ्यानं पुन्हा म्हणे. ही तिच्या खात्यातली सवय होती. आकडा दोन तोंडांतून गेल्याशिवाय कागदावर जायचा नाही. त्याला ही पद्धत फार आवडली. पहिल्या दिवशी त्यानं तसं सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेही जिन्याकडे बघून.

ती मात्र त्याचे हात पाहत होती. भिंतीवर बोट फिरवताना तो डॉक्टर पोट तपासतो तसा हळू होई. पोकळ जागा लागली की थांबे, पुन्हा ठोके, कान लावी. जिन्याची एक पायरी करकरली तेव्हा त्यानं नकळत त्या पायरीवर हात ठेवला, जणू ती दुखली असावी. इतक्या वर्षांत तिनं पुष्कळ तपासनीस पाहिले होते. बहुतेकांना चूक सापडली की आनंद होतो. याला वाईट वाटत होतं.

"मी चाखून पाहू का?" तिनं दुसऱ्या दिवशी दुपारी विचारलं. समुद्राकडच्या भिंतीपाशी दोघं उभे होते.

"तुम्ही?"

"घर मी घेणार. चव तुम्हालाच का?"

त्यानं रुमालानं भिंतीचा एक तुकडा पुसून दिला. मग स्वतः पाठ फिरवून उभा राहिला. तिनं जिभेचं टोक लावलं.

"कडू."

"कडू?" तो गर्रकन वळला. "नीट बघा. खारट असायला हवी."

"खारटच आहे," ती म्हणाली. "तुमचं तोंड बघायचं होतं."

त्या संध्याकाळी वहिनीचा फोन आला. तिनं सगळं सांगितलं, फक्त तोंड बघायचं ते शेवटचं वाक्य गाळलं. वहिनीनं तरी ते ऐकलंच. "काय वन्सं," ती म्हणाली, "घर बघायला गेलात की भिंतचाट्यांचं स्थळ बघायला?" मागून दादानं विचारलं की हे भिंतचाटे कुठले. वहिनी म्हणाली, आडनावावरून खानदानी वाटतात. तिनं फोन ठेवला, आणि मग बराच वेळ हसत बसली. एकटीच.

अहवाल शुक्रवारी आला. बारा पानांचा, सुबक, एकही खाडाखोड नसलेला. समुद्राकडची भिंत धोक्याची. ते तिला ठाऊकच होतं. नवव्या पानावर लिहिलं होतं: स्वयंपाकघराची भिंत, ओल तेवीस. मर्यादा वीस. धोक्याची.

दोन भिंती.

धक्क्याजवळच्या चहाच्या दुकानात ती ते पान धरून बसून राहिली. चहा गार झाला. समोर लाटा येत होत्या, जात होत्या. आता त्या तिच्या नव्हत्या. रडायला येईल असं वाटलं, पण आलं नाही, कारण डोक्यात आकडे फिरायला लागले होते. त्या भिंतीवर त्यानं सात ठिकाणी सुया टेकवल्या होत्या आणि सातही आकडे तिनं आपल्या तोंडानं म्हटले होते. सोळा, सतरा, अठरा, सोळा, एकोणीस, सतरा. आणि मोरीच्या नळाला लागून, तेवीस. तिनं बाकीची पानं चाळली. प्रत्येक भिंतीला सात आकड्यांची सरासरी धरली होती. या एकाच भिंतीला सगळ्यांत वाईट आकडा.

सरासरी तिनं दुकानातल्या कागदी रुमालावर काढली. अठरा.

त्याचं ऑफिस नगरपालिकेच्या मागच्या अंगाला होतं. एक टेबल, दोन खुर्च्या, कपाटभर विटांचे नमुने, प्रत्येकाला चिठ्ठी. ती आत आली तेव्हा तो उभा राहिला आणि बसायचं विसरला. तिनं नववं पान त्याच्यापुढे ठेवलं, शेजारी रुमाल ठेवला. त्यानं रुमाल वाचला. बराच वेळ वाचला, एका आकड्याला लागायला नको इतका.

"नियम सरासरीचा आहे ना?" तिनं विचारलं.

"हो."

"मग?"

तो खिडकीकडे गेला. "त्या भिंतीला सुया लावताना..." तो थांबला. "आकडा कमी यावा असं मला वाटत होतं. चौदा वर्षांत पहिल्यांदा. प्रत्येक वेळी वाटत होतं. मग रात्री अहवाल लिहिताना मला माझाच भरवसा वाटेना. म्हटलं, मी नक्की सौम्य लिहितोय. म्हणून... कडक लिहिलं."

तिनं त्याला तिच्या गावातल्या एका वाण्याची गोष्ट सांगितली. भला माणूस. कुणी आपल्याला लबाड म्हणू नये म्हणून त्यानं तराजू असा लावून घेतला होता, की गिऱ्हाइकाला प्रत्येक किलोला मूठभर साखर जास्त जावी. तिनं तो पकडला तेव्हा म्हाताऱ्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मी तर देतोय, घेत नाही, म्हणाला.

"मग काय केलंत?"

"जप्त केला," ती म्हणाली. "जास्त देणारा तराजूसुद्धा आम्ही जप्त करतो. खोटा तो खोटाच." तिनं नवव्या पानावर बोट ठेवलं. "माझी अकरा वर्षं होती त्या पानावर. तुम्हाला तुमचं मन स्वच्छ ठेवायचं होतं, आणि त्याची किंमत मी भरणार होते."

त्याला हे लागलं. त्यानं बचाव केला नाही. टेबलावरचा अहवाल उचलला, अठराचा आकडा घालायला पेन काढलं, आणि पुन्हा खाली ठेवलं.

"मी दुरुस्त केला, तर तोही माझाच काटा," तो म्हणाला. "या घरावर मला सही करता येणार नाही. चला."

खाली मुख्य कचेरीत रांग होती. काउंटरवरच्या बाईंनी त्याला हवा तो फॉर्म शोधायला दोन कपाटं उघडली, कारण तो कुणी मागतच नसे. तपासनिसानं एखाद्या घराचं काम सोडून देण्याचा फॉर्म. पहिला प्रश्न: तपासनिसाचा हितसंबंध कशात आहे? घरात, विक्रेत्यात की खरेदीदारात? त्यानं तिसऱ्या चौकटीत खूण केली. पुढची ओळ: हितसंबंधाचं स्वरूप.

बारा पानं सहज लिहिणारा तो माणूस त्या एका ओळीपाशी अडून राहिला. मागे लोक खाकरू लागले. ती भिंतीवरची पाणीपट्टीची सूचना वाचत उभी होती, तिसऱ्यांदा. शेवटी त्यानं लिहिलं आणि कागद तिच्याकडे सरकवला, कारण खाली खरेदीदाराची सही लागत होती.

अक्षर नेहमीसारखं सुबक होतं. "खरेदीदार बाई याच गावात राहाव्यात अशी तपासनिसाची इच्छा आहे. घर नापास झालं तरी."

तिनं ते दोनदा वाचलं. खाली छापलेला एक प्रश्न तिच्यासाठी होता: खरेदीदारास याची कल्पना होती काय? हो, नाही.

तिनं 'हो'वर खूण केली.

"होती?" त्यानं अगदी हळू विचारलं.

"कल्पना होती," ती म्हणाली. "खात्री नव्हती."

काउंटरवरच्या बाईंनी कागद वाचला. मग चष्मा वर करून त्या दोघांकडे पाहिलं, पुन्हा खाली घेतला, आणि शिक्का मारला, गरजेपेक्षा थोडा जोरात. मंगळवारी दुसऱ्या गावचे तपासनीस येतील, त्या म्हणाल्या. तोवर या दोघांनी एकमेकांशी त्या घराबद्दल एक शब्दही बोलायचा नाही. नियम आहे. ही शेवटची दोन वाक्यं त्यांनी हसू दाबून म्हटली असावीत, पण खात्रीनं सांगता येत नाही.

मंगळवारी आलेल्या तपासनिसांना त्या घरात एकच भिंत धोक्याची सापडली, आणि शिंपीणबाईंनी किल्ली तिच्या हातात ठेवली. पण त्या शुक्रवारी दुपारी हे कुणालाच माहीत नव्हतं. दोघं कचेरीतून बाहेर पडले, तर भुरभुर थांबली होती, रस्ता ओला चकचकीत होता आणि समुद्र जस्ती पत्र्याच्या रंगाचा दिसत होता. ते काठाकाठानं चालू लागले. पाच मिनिटं कुणी बोललं नाही. आजवर ते ज्या ज्या गोष्टींवर बोलले होते, त्या सगळ्या त्या घरातल्याच होत्या.

"तुम्हाला... पोहता येतं?" त्यानं विचारलं.

"नाही हो. समुद्राकाठी घर घ्यायला निघाले, आणि—" तिनं तोंडावर हात ठेवला.

"घराचं बोललात."

"बोलले," ती म्हणाली. "आता दंड काय?"

त्यानं त्याच्या स्वभावाप्रमाणे यावर गंभीरपणे विचार केला. दोन दिव्यांचे खांब मागे पडले. मग त्यानं हात पुढे केला. तळहाताच्या रेघांत भिंतींचा पांढरा चुना अजून होता.

"पुढचं बाक येईपर्यंत धरायचा," तो म्हणाला.

तिनं धरला. हात गार होता, मग राहिला नाही. ते चालत राहिले, जुन्या धक्क्यावरून, मासेमारीच्या जाळ्यांवरून पाय टाकत, थेट गावाबाहेरच्या पुलापर्यंत. त्या वाटेवर एकही बाक नव्हतं. चौदा वर्षं या गावातली वीट न् वीट तपासलेल्या माणसाला हे ठाऊक नसेल, असं तिला अजूनही वाटत नाही.