त्याची कुऱ्हाड, माझी ढाल

सुई बघून तो खुर्चीतून उठलाच.

"दोन मिनिटं, मॅडम... जरा बाहेरून येतो."

"बसा," मी म्हणाले. रामदासपेठेतल्या एका लॅबमध्ये मी पाच वर्षं रक्त काढायचं काम करते. पळणारे गडी मला दारातूनच ओळखू येतात. हा तर चांगला सहा फुटी, दाढी राखलेला, आणि कपाळ घामानं चिंब. "मुंगी चावल्यासारखं होईल, बस."

"काहून खोटं बोलून राहिल्या, मॅडम? मले माहीत आहे, दुखते."

माझा हात तिथेच थांबला. चेहरा मी कधी पाहिला नव्हता. आवाज मात्र... हा आवाज चार महिने दर रविवारी दुपारी माझ्या हेडफोनमध्ये असायचा.

"तुफान?" मी हळूच विचारलं.

त्यानं डोळे विस्फारले. "खडक? तू... रक्त काढते?"

"तू तं दर रविवारी सांडवते. मी काढलं तं काय झालं? हात दे."

त्यानं हात दिला, मान भिंतीकडे वळवली आणि दुसऱ्या हातानं माझ्या ॲप्रनचं टोक घट्ट धरलं. खेळात उघड्या छातीनं राक्षसाच्या अंगावर धावून जाणारा माणूस लहान पोरासारखं ॲप्रन धरून बसला होता. खरं सांगते, मी तिथेच फसले.

आता त्या खेळाचं सांगायलाच हवं. 'नऊ किल्ले' नावाचा ऑनलाइन खेळ. आपण टोपणनावानं एक योद्धा व्हायचं, दहा जणांची टीम करायची आणि एकेका किल्ल्यातला राक्षस मारायचा. पण प्रत्येक योद्ध्याला अंगावर शंभर शेरच वजन पेलतं. कुऱ्हाडही जड, ढालही जड, चिलखत तर त्याहून जड. जेवढं वाराला द्याल तेवढं बचावातून जातं. सगळी अक्कल त्या वाटणीत आहे, आणि ही अक्कल शंभरात नव्वद पुरुषांना नसते. त्यांना दोन्ही हातांत कुऱ्हाडी हव्या असतात.

तुफान त्यातलाच. मार्चमधल्या एका रविवारी तो आमच्या टीममध्ये आला आणि डोळ्याचं पातं लवेपर्यंत मेला.

"काहून मेलो गा मी, खडकभाऊ?" त्याचा आवाज आला. मागे कूलर घरघरत होता.

"भाऊ नाही मी," मी म्हणाले. "अन् बनियनवर लढाले आल्यावर दुसरं काय होईन?"

त्यानं कूलर बंद केला.

"माफ करजा, बाई... तुमच्या मिशा पाहून फसलो."

माझ्या योद्ध्याला झुपकेदार मिशा होत्या हे खरं. मी इतकी हसले की आमच्या प्रतापनगरच्या घरात बाबा स्वयंपाकघरातून बघायला आले.

मग मी त्याला शिकवलं. साठ वार, चाळीस बचाव. एकट्यानं फिरणाऱ्यानं बचाव याखाली उतरू देऊ नये. त्यानं तोंड वाकडं करत एक कुऱ्हाड टाकली, चिलखत चढवलं. "लग्नातल्या शेरवानीसारखं टोचते," म्हणाला. पण जगायला लागला.

सातव्या किल्ल्यावर मात्र अडलो. तिथला राक्षस ठरल्या वेळात पडला नाही की पुन्हा ताजातवाना व्हायचा. तीन रविवार टीम मार खाऊन परतली. चौथ्या रविवारी मी म्हणाले, "तुफान, चिलखत काढ. सारं शंभर वारावर टाक. मी शंभर बचावावर जातो. तो मारीन ते मी खाईन. तू फक्त माझ्या मागं राहून हाण."

"हाव," तो लगेच म्हणाला.

राक्षस पडला. त्यानंतर आम्हाला वेगवेगळं कुणी बोलावलंच नाही. गंमत अशी, की आता एकटी गेले तर मला साधी बकरीही मारता येत नव्हती, आणि तो एकटा गेला तर बकरीच त्याला मारायची. आम्हाला त्याचाही अभिमान वाटायचा. प्रेमात पडायच्या आधी माणूस कशाचाही अभिमान बाळगतो.

लॅबमधल्या भेटीनंतर तो दुपारच्या सुट्टीत यायला लागला. नाव गिरिधर, घरी गिरी. बापाचं कूलर विकायचं दुकान, घर बेसा भागात. त्याच्या शर्टाला नेहमी ओल्या वाळ्याचा वास यायचा, आणि मला तो इतका आवडायचा की चहा घेताना मी उगाच त्याच्या बाजूला झुकायची.

"गेममधी मिशा होत्या, इथं काहून नाही?" तो चिडवायचा.

"तुले पाहिजे असन तं ठेवतो."

"नको वं... आहे तशीच बरी आहे." एवढं बोलून तो कपातल्या चहाकडे बघत बसायचा, आणि माझा सगळा दिवस सोन्याचा व्हायचा.

ऑगस्टात एकदा पाऊस नुकताच उघडला होता. आम्ही रस्त्याच्या कडेनं चाललो होतो. समोरून बस आली, डबक्यातलं पाणी उसळलं... आणि गिरी पटकन माझ्या मागे झाला. मी नखशिखान्त भिजले, त्याच्यावर थेंबही नाही. दोघं एकमेकांकडे बघून पोट धरून हसलो. "सवय वं, सवय!" तो म्हणाला. त्यानं रुमालानं माझा गाल पुसला, फार सावकाश, आणि मी डोळे मिटून घेतले. बावळट मी.

घरी आधी मी सांगितलं. माझे बाबा धम्मानंद, पोस्टातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. आमचं घर बौद्ध, त्याचं घर देवादिकांचं, सोयरीक जातीबाहेर न करणारं. बाबांना हे समजावून सांगायची गरज नव्हती. ते एवढंच म्हणाले, "पोरगा चांगला असंल. पण त्याच्या घरी त्यानं स्वतः बोललं पाहिजे. तू नाही, मी नाही. तो बोलला तं मी त्याच्या बापाच्या पायरीवर हजारदा जाईन."

गिरीला मी हे जसंच्या तसं सांगितलं. त्यानं माझा हात धरला. "येत्या रविवारी जेवाले ये. ताटावर बसायच्या आधी मीच सांगतो. तू फक्त बस."

"नक्की?"

"नक्की वं. तुझी आन."

मी गेले. त्याची आई, कौसल्याकाकू, गोड बाई. ये बेटा, बस बेटा. त्याच्या वडिलांचं पान पाटासमोर, आमची टेबलावर. वडाभात केला होता, वरून हिंगाचं गरम तेल. ताटं मांडून झाली. गिरी बोलला नाही. मीठ वाढून झालं. तरी नाही. मी मनातल्या मनात म्हटलं, पहिला घास होऊ दे बिचाऱ्याचा.

"पूर्ण नाव काय वं तुझं, बेटा?" काकूंनी विचारलं.

"मेघा धम्मानंद गजभिये."

तेलाची पळी क्षणभर हवेत थांबली. मग त्यांनी वाढलं, हसून, सांडू न देता. पण इतका वेळ 'घे बेटा' म्हणत होत्या, त्या आता 'घ्या' म्हणाल्या.

त्याचे वडील देवराव यांनी घास खाली ठेवला. आवाज चढवला नाही. "काय गा गिरी, ही मैत्रीण म्हणजे... नुसती मैत्रीणच ना?"

एका वाक्याचं काम होतं. नाही बाबा, मला हिच्याशी लग्न करायचं आहे. त्यानं हे वाक्य माझ्यासमोर दहा वेळा म्हणून दाखवलं होतं. त्यानं मान वर केली, ओठ उघडले, शपथेवर सांगते, शब्द अगदी ओठांपर्यंत आले होते. आणि मग त्याची खुर्ची इंचभर मागे सरकली. तो माझ्याकडे बघायला लागला. बापाकडे नाही. माझ्याकडे.

"हो काका," मी म्हणाले. "आम्ही एका टीममध्ये ऑनलाइन खेळतो, बस. टीमचे सगळे एकमेकांकडे जेवायला जातो. पुढचा रविवार माझ्याकडे."

कुणी सांगितलं होतं मला? कुणीच नाही. जीभ आपोआप पुढे झाली, आणि मी माझ्याच प्रेमाला माझ्याच तोंडानं नाही म्हणून मोकळी झाले. देवराव मोठ्यानं हसले. "हाव, तेच म्हटलं मी! वाढ वं, पोरीले अजून वडे वाढ." मी ते वडेही खाल्ले. एकही टाकला नाही.

गिरी फाटकापर्यंत सोडायला आला. त्याचा चेहरा इतका हलका झाला होता की बघवेना.

"वाचवलं तू मले, मेघा," तो म्हणाला. "बाबाचा चेहरा पाह्यला ना? मी बोलनारच होतो, पण... दिवाळी झाली की नक्की बोलतो."

मला त्याचा राग यायला हवा होता. आला तो स्वतःचा. चाळीस शेर बचाव अंगावर घेऊन हा माणूस स्वतःच्या पायावर उभा राहायला शिकला होता. तो मी उतरवून घेतला होता, जिंकायच्या हौसेपायी.

"गिरी, माझं तुझ्यावर प्रेम आहे," मी म्हणाले, चांगलं मोठ्यानं.

त्यानं चटकन खिडकीकडे पाहिलं. "हळू बोल ना वं..."

"एकदाच बोलायचं होतं. आत जमलं नाही. आता लॅबवर नको येऊ. रविवारी खेळायलाही मी येणार नाही."

"काहून? मी काय केलं?"

"काही नाही केलं, गिरी."

तो फाटकाला धरून उभा राहिला. मी वळणापर्यंत सावकाश चालले. अजूनही, चप्पल घालून धावत येईल असं वाटत होतं. आला नाही.

चौकात बाबा स्कूटर घेऊन उभे होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. बोलावलंच तर असावं म्हणून, सकाळपासून तिथेच.

"बोलला का पोरगा?"

"मी बोलूच नाही दिलं त्याले, बाबा."

"काहून वं?"

मी स्कूटरवर मागे बसले, त्यांच्या पाठीला कपाळ टेकलं. "त्याले लागलं असतं."

बाबांनी चावी फिरवली नाही. सिग्नलवर गाड्या थांबल्या, सुटल्या, पुन्हा थांबल्या.

"अन् तुले?" त्यांनी विचारलं.