मंजिरी बसली की थरथरणारी बोट

"हे माझ्या मित्राच्या मुलाच्या घरातलं. मंजिरीनं स्वतः मला सांगितलेलं," लक्ष्मीकांतकाका म्हणाले. जेवणं झाली होती. गच्चीवरचा दिवा त्यांनी स्वतःच उठून बंद केला.

"काका, प्रस्तावना नको. सीधे भूत पे आओ," पुतणी श्रिया म्हणाली.

"भूत कुठलं? एक बाई सियागंजच्या बाजारात रबर घ्यायला गेली, एवढंच."

गेल्या वर्षीचा मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. मंजिरीनं इंजिनाखाली बसवायचे जाड रबर घेतले, सुट्टी टाकलेली होतीच, आणि सिमरोलच्या पुढच्या तलावावर गेली. तिथं तिचा नवरा यशवर्धन पर्यटकांना मोटरबोटीतून फिरवायचा. बोट त्यानं पहिल्या बायकोबरोबर, कुमुदिनीबरोबर, हौसेनं घेतलेली. कुमुदिनी डेंग्यूनं गेली. मागच्या डाव्या सीटवर बसायची म्हणे. मंजिरी लग्न होऊन आली आणि तीही नेमकी तिथंच बसायला लागली. मुद्दाम.

रविवारी मंजिरी बोटीत आली की बोट थरथरायची. पाण्याची बाटली आपोआप सरकत जायची. "आठवडाभर मस्त चालते यार, तू आलीस की बिघडते," यश हसत म्हणायचा. मग हसणं थांबवून म्हणायचा, "कुमुदला नुसत्या आवाजावरून कळायचं काय झालंय ते."

हे वाक्य मंजिरीला भाजायचं. ती मेकॅनिकल इंजिनियर होती. मेलेल्या बाईच्या कानापुढे तिची डिग्री हरत होती.

वाटेत सासूबाईंचा फोन आला. "मंजिरी, टाक घातलायस ना गळ्यात?"

पहिली बायको गेलेली असली की दुसरीच्या गळ्यात तिच्या नावाचा चांदीचा छोटा टाक असतो. नवी साडी आधी त्याला दाखवायची, मग आपण नेसायची. तिच्या सासूबाई मनोरमाबाईंच्या घरात अजून पाळतात.

"घातलाय, आई. पण बोटीचा शाफ्ट वाकलाय का, ते टाक नाही सांगणार."

"तू तिला जागा दे गं. मग ती त्रास नाही देणार."

मंजिरीनं फोन कापला. जागा! घर तिचं, बोट तिची, नवऱ्याच्या तोंडात नाव तिचं. आणखी कुठली जागा?

नवे रबर बसवले. मग तिनं एकेक शंका काढून टाकायला घेतली. न्यूट्रलमध्ये इंजिन जोरात चालवलं. बोट शांत. म्हणजे इंजिन ठीक. यशला एकट्याला फेरी मारायला लावली. शांत. म्हणजे शाफ्ट सरळ, पंखाही ठीक. मग तिच्या वजनाएवढ्या वाळूच्या गोण्या मागच्या डाव्या सीटवर ठेवल्या. शांत.

दिवेलागणीला गोण्या काढून, बोट धक्क्याला बांधलेली असतानाच, ती स्वतः बसली.

बोट थरथरली.

पुढच्या सीटवर गेली. थरथरली. गळ्यातला टाक हाडावर टकटक वाजायला लागला.

"राहू दे मंजू," यश म्हणाला. पाठमोराच होता, हात स्टिअरिंगवर. "कुमुद असती ना..."

मंजिरीनं टाक ओढला. दोरा तुटला. तिनं तो पाण्यात टाकला.

केवढासा आवाज झाला.

"मी उतरतेय. जा तू एकटाच," ती म्हणाली. इंजिन धडधडत होतं, तो वळलाही नाही. तिनं धक्क्यावर पाय ठेवला, दोर सोडला. बोट निघाली.

अंधार उतरला होता. बोट लोण्यातून सुरी जावी तशी जात होती. मंजिरी ऐकत राहिली. आधी इंजिन. मग... यशचा आवाज.

तो बोलत होता.

फोनवर असेल, तिला वाटलं. पण त्याचा फोन तिच्याच पर्समध्ये होता.

तो बोलायचा. थांबायचा. कुणी उत्तर द्यावं एवढा वेळ थांबायचा. मग हसायचा.

मंजिरीनं पदर मुठीत आवळला. तिच्याबरोबर तो असा कधी हसला नव्हता. एकदाही नाही. तिला भीती वाटायच्या आधी तेच जाणवलं.

बोट वळली, परत आली. धक्क्याला लागली. कुठं काही हललं नाही.

"थांबली बघ थरथर!" यश म्हणाला. समोर बघतच त्यानं इंजिन बंद केलं. "आणि किती बोललीस आज. अशी रोज बोलत जा ना मंजू... मी विसरलोच होतो, तुला एवढं हसवता येतं."

मंजिरी एक पाऊल मागं सरकली.

"मंजू?"

"मी इथं आहे, यश," ती धक्क्यावरून म्हणाली. "मी... आलेच नव्हते."

तो हळूच वळला. आधी तिच्याकडे पाहिलं. मग मागं.

कुणी नव्हतं.

गच्चीवर काका थांबले. श्रियानं या वेळी घाई केली नाही.

"मग?" तिनं विचारलं.

"मंजिरी टॉर्च घेऊन बोटीत उतरली. थंडी होती, दव पडलं होतं. पुढच्या सीटा ओल्या. बाजूची फळी ओली. तिनं मागच्या डाव्या सीटवर हात ठेवला..."

"आणि?"

"कोरडी होती," काका म्हणाले. "आणि गरम."