किमेलच्या तळघरातलं जॅकेट

आयलीन किमेलचा फोन आला तेव्हा मी एका जुन्या शिरस्त्राणाचा पट्टा तेल लावून मऊ करत होते. ती म्हणाली, "वेल्डा, आज येतेस? डॉर्सीचं जॅकेट बघून जा. उद्या लिलाववाला येतोय."

डॉर्सी तिचा नवरा. वसंतात गेला. अंत्यविधीला मी गेले होते ते मुख्यतः एवढं बघायला, की ते जॅकेट घालून तर पेटीत निजला नाही ना. हो, जळत होते मी. लपवायचं कशाला?

आमच्या ओहायोत जुन्या लष्करी वस्तू जमवणाऱ्यांचा एक नियम आहे. जुन्या बाजारात वस्तू हातात आहे तोवर तुमची. खाली ठेवली की ज्याने उचलली त्याची. दुसऱ्या महायुद्धातल्या छत्रीधारी सैनिकाचं ते जॅकेट आधी माझ्या हातात होतं. चष्मा काढायला टेबलावर टेकवलं आणि डॉर्सीने उचललं. पुढे कुणाला बोटही लावू दिलं नाही. मग मीही गावभर म्हणत राहिले, नकली आहे.

मी पोचले तेव्हा आयलीनने कॉफी ओतली, ॲपल-पायचा तुकडा कापून दिला.

"तो सांगून गेलाय," ती म्हणाली. "वेल्डाने तपासून आपल्या तोंडाने अस्सल म्हटलं, तर तिला देऊन टाक. नाहीतर लिलावात."

"मेला तरी चावतोच आहे."

"चावू दे. तुलाही हौस कमी नव्हती." ती हसली, मग हसू विरलं. "रोज जेवण झालं की खाली तळघरात त्या जॅकेटपाशी जायचा. मी इथे भांडी घासायचे आणि तो खाली कुणाशी तरी बोलावं तसा बोलायचा, हसायचा. माझ्याबरोबर कधी हसला नाही तसा. एका कोटावर जळत होते गं मी."

मी माझा अतिनील किरणांचा जांभळा दिवा घेऊन तळघरात उतरले. बाहेर लख्ख दुपार होती, पण खिडक्या डॉर्सीने फळ्या ठोकून बुजवल्या होत्या. ओल्या सिमेंटचा वास, डांबरगोळ्यांचा वास, आणि त्याखाली आणखी एक. ताज्या घामाचा.

जॅकेट मधोमध खुंटीला होतं, पुढे चेन, खिशांना टिचबटणं. जांभळ्या दिव्याची परीक्षा सोपी. अंधारात हा दिवा धरला की अलीकडचा धागा पांढराफटक उजळतो. तेव्हाचं सुती कापड काळंच राहतं. मी बल्ब मालवला आणि दिवा लावला. माझ्याच ब्लाउजची बाही भुतासारखी चमकली. जॅकेट मात्र काळं. शिवण काळी, खांद्यावरचं चिन्ह काळं, कोपरावरची ठिगळं काळी.

अस्सल होतं. इतकी वर्षं तो बरोबर होता.

दिवा खाली नेला, बाहीच्या टोकाशी. तिथे काहीतरी उजळलं. फिकट निळसर, लहान लहान, एका ओळीत.

नखं या दिव्यात उजळतात. माझीही उजळली होती.

"डॉर्सी..." मी हळूच म्हटलं. "सोड ते. तुझं झालं आता..."

काही हललं नाही. वरच्या नळाचं पाणी थांबलं. मी दिवा जवळ नेला. डावी बाही होती. डॉर्सीच्या डाव्या हाताचं मधलं बोट टायरच्या कारखान्यात तुटलं होतं. इथे पाचही नखं होती. कोवळी, मातीने भरलेली. विशीतल्या पोराची म्हणावी अशी.

पळायला हवं होतं. पण खरं सांगते, भीतीच्या आधी मला जे वाटलं ते हे: डॉर्सीकडे नुसतं जॅकेट नव्हतं. ते घालणारा हा पोरगाही होता. रोज.

"अस्सल आहे," मी पुटपुटले.

"काय म्हणालीस?" जिन्यावरून आयलीन. "मोठ्याने बोल."

"अस्सल आहे. झालं समाधान?"

नखं एकेक करून बाहीत गेली. हात आत ओढून घ्यावा तशी, सावकाश. बल्ब लावला तेव्हा बाही रिकामी होती आणि आतून ऊबदार.

जॅकेट मी घरी आणलं. कपाटाच्या खोलीत पडदे ओढून रोज त्याच्यासमोर दिवा धरून बसते. बोलते. माझ्या गोष्टी चांगल्या असतात, डॉर्सीपेक्षा कितीतरी. कापड काळं राहतं. बाही थंड.

काल जॅकेट मांडीवर घेऊन आयलीनला फोन केला. विचारायचं होतं, तो काय बोलायचा गं त्याच्याशी...

तिने बऱ्याच वेळाने उचलला. दम लागल्यासारखा आवाज, जिना चढून आल्यासारखा. आणि हसू.

"आत्ता नको, वेल्डा," ती कुजबुजली. "सोबत आहे..."

तिच्यामागे कुणीतरी चेन ओढली, खालून वर, गळ्यापर्यंत. मग खिशांची टिचबटणं लावली. टक. टक. एकेक करून, सवयीच्या हाताने.

माझ्या मांडीवरच्या जॅकेटची चेन उघडीच होती.