क्ष वर्षांनी

आठवी 'ब'च्या वह्या तपासताना रेवतीबाई आधी ताळा बघत. समीकरण काय, कुणीही सोडवतं. पण आलेली क्षची किंमत उदाहरणात परत घालून बघितली नाही, तर बाई बिनदिक्कत एक गुण कापत. इराही त्यातून सुटत नसे. इरा त्यांची मुलगी, पण शाळेत तीही त्यांना 'बाई'च म्हणायची.

आजचं उदाहरण साधं होतं. चटकन सुचली म्हणून बाईंनी घरचीच वयं घातली होती. आई एकोणचाळीस वर्षांची, मुलगी तेरा. किती वर्षांनी आईचं वय मुलीच्या दुप्पट होईल?

इराने नीट मांडलं होतं. ३९ + क्ष = २(१३ + क्ष), म्हणून क्ष = १३. ताळा: बावन्न आणि सव्वीस. मात्र 'उत्तर शब्दांत लिहा' यापुढे तिने लिहिलं होतं, 'गणिताने तेरा वर्षांनी. पण आई तेवढी पुरणार नाही. आठच वर्षं आहेत.'

बाईंनी पेनाला टोपण लावलं. त्यांना काहीच वाटलं नाही, आणि काही वाटत नाही याचीच भीती वाटली.

आयुमापन आलं तेव्हा लोकांना वाटलं होतं, केवढं गूढ यंत्र असेल. कसलं काय! रक्ताच्या थेंबावरून शरीरातल्या पेशींची शिल्लक कळते आणि ती दरवर्षी सारखीच घटते, एवढाच शोध. दोन वर्षांच्या अंतराने दोनदा मोजायचं. दवाखाना दोन आकडे हातात ठेवी. उरलेली वर्षं किती ते काढून हवं असेल त्याने अर्जावर खूण करायची. बाईंनी केली नव्हती. साठ आणि अठ्ठेचाळीस, असा कागद महिनाभर त्यांच्या पर्समध्ये पडून होता. तोंडी सुटणारं ते गणित त्यांनी सोडवलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर इरा शिक्षकखोलीच्या दारात आली.

"बाई, चुकलं का?"

"माझी पर्स कधी उघडलीस?"

"चमचा शोधत होते, डब्यासाठी." ती खाली बघत म्हणाली, "दोन वर्षांत बारा गेले, म्हणजे वर्षाला सहा. ताळापण केला. सहा आठे अठ्ठेचाळीस."

बाईंनी वही ओढली आणि पाचपैकी चार गुण दिले.

"एक कशाचा कापला?"

"तो नुसता भागाकाराचा ताळा झाला. कुठल्याही दोन ठिपक्यांतून सरळ रेषा जातेच, इरा. माझी शिल्लक खरंच त्या रेषेवरून चाललीय का, ते तिसरा ठिपका सांगणार. तिसरी मोजणी कुठाय?"

"पुढच्या वर्षी." तिने मनात वजाबाकी केली. "मग बेचाळीस यायला हवेत."

"यायला हवेत असं नको म्हणूस."

इराने वही दप्तरात घातली, बंद लावला, पण ती जागची हलली नाही. मग शाळेत पहिल्यांदाच तिने विचारलं, "आई, आणि बेचाळीसच आले तर?"